हवेतलं पाणी आणि सकाळची तोटी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाणी मोजून वापरायची सवय लहानपणीच अंगवळणी पडते. किती घागरी आल्या, टँकर कधी येणार, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, ही घराघरातली बोली. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा साऱ्या देशानं मराठवाड्याकडं वळून पाहिलं. अशा मुलखात कोणी म्हणालं की, हवेतून रोज पाणी निघतं आणि ते काढून फेकावं लागतं, तर ऐकणाऱ्याला चेष्टा वाटेल. पण ती चेष्टा नाही. रस्त्याकडेच्या कुठल्याही टायरच्या दुकानात सकाळी लवकर जाऊन उभं राहावं. कॉम्प्रेसरच्या टाकीखाली एक छोटी तोटी असते. दुकानदार ती सोडतो, फुर्रकन आवाज होतो आणि ताकासारखं गढूळ पाणी जमिनीवर पडतं. पाण्यात मशीनचं तेल मिसळलेलं असतं, म्हणून तो रंग.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बालभारतीच्या उर्दू पुस्तकातला ‘रुतूबत’ हा शब्द मुलं पाठ करतात, पण तो त्यांच्या जिभेवरचा नाही. घरी ते ‘नमी’ म्हणतात, बाजारात ‘ओल’ म्हणतात. एकदा वर्गात मी विचारलं, हवेत पाणी असतं याचा पुरावा कोण देईल? कोणी दव सांगितलं, कोणी थंड तांब्यावरचे थेंब सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, हमारी टंकी में से रोज पानी निकलता. अब्बा बोलते, नई निकाले तो टंकी अंदर से सड़ जाती.” उत्तर सगळ्यांत चांगलं होतं. पण दोघं-तिघं हसले आणि एकजण दबक्या आवाजात म्हणाला, “पंक्चरवाला!” मुलगा खाली बसला. वर्गातली सगळीच मुलं आपल्याच समाजाची. मोबाईलवर आपल्याला हिणवायला वापरला जाणारा शब्द आपलीच मुलं एकमेकांवर फेकतात, हे त्या दिवशी मला फार लागलं.

मी मुलांना रागावलो नाही. फळ्याकडं वळलो आणि त्या मुलाच्या अब्बांच्या टाकीचं गणित मांडलं. तीस अंश तापमानाला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. त्या जागेत हवा थोडी असो की दाबून भरलेली, वाफेची मर्यादा तापमानच ठरवतं. पावसाळ्यात आर्द्रता ६० टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत १८ ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसरनं अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरमध्ये बसवली, तर वाफ झाली १४४ ग्रॅम. हवा निवल्यावर जागेत मावणार फक्त ३०. उरलेले ११४ ग्रॅम कुठं जाणार? पाणी होऊन तळाला बसणार. “अपने यहाँ मई में तो हवा सूखी रहती ना सर?” एकानं विचारलं. मग तेही गणित केलं. चाळीस अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली तरी एका घनमीटरमध्ये सुमारे १० ग्रॅम वाफ असते. आठ पटीनं ती ८० होते आणि चाळीस अंशाला मावते सुमारे ५०. म्हणजे भर दुष्काळातही हवा दाबली की ३० ग्रॅम पाणी सुटतंच. वर्ग गप्प झाला. हसणाऱ्यांपैकीच एकानं त्या मुलाला विचारलं, “तू खोलता क्या रोज वो नल?”

ही तोटी म्हणजे ओल काढायच्या साऱ्या साखळीतली पहिली कडी. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन किलोचा दाब असतो. दवाखान्यातल्या मोठ्या ऑक्सिजन सिलिंडरमध्ये साधारण १५० किलो दाबानं ७ घनमीटर वायू भरलेला असतो. अग्निशमन दलाचे जवान धुरात शिरताना पाठीवर जी हवेची बाटली घेतात, तिच्यात तर २०० ते ३०० किलो दाब. इतक्या दाबाचा कॉम्प्रेसर हवा एकदम दाबत नाही, तीन-चार टप्प्यांत दाबतो. प्रत्येक टप्प्यानंतर हवा तापते, तिला थंड करतात आणि सुटलेलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात उतरवतात. दीडशे पट दाबल्यावर त्या १८ ग्रॅममधली जेमतेम पाव ग्रॅम वाफ हवेसोबत राहते. बाकीची पाणी होऊन गेलेली असते, अर्थात तोटी वेळेवर सोडली तर. उरलेली पाव ग्रॅम शोषायला शेवटी ओल पिणाऱ्या दाण्यांची नळी बसवतात.

देखभालीचं सारं मर्म इथंच आहे. शेवटची नळी महागाची असते, तिच्या वाट्याला फक्त शेवटचा थोडासा ओलावा यावा अशी रचना असते. अलीकडची तोटी कोणी सोडली नाही, तर पाणी पुढं वाहत जातं आणि महिनोन्‌महिने चालायची नळी बघता बघता निकामी होते. तापमानाचंही असंच. सुमारे दहा-अकरा अंश वाढले की हवेची वाफ धरायची ताकद दुप्पट होते. म्हणून हिवाळ्याचा हिशेब उन्हाळ्यात लावून चालत नाही. मशीन किती तास चाललं, खोलीत किती गरम होतं, तोटी कधी सोडली, हे वहीत लिहावं लागतं. नळी बदलताना आधी सगळा दाब उतरवून गेज शून्यावर आल्याची खात्री करायची, मगच झाकणाला हात लावायचा. त्यात घाई म्हणजे जिवाशी खेळ. आणि ओल आत राहिलीच, तर बाटली आतून गंजते. शिवाय दाबाखालची हवा सुटताना गार पडते, झडपेत बर्फ धरतो आणि धुरात अडकलेल्या माणसाचा श्वास अडतो.

आपल्या जिल्ह्याला या साखळीची गाठ २०२१ मध्ये पडली. कोरोनाची दुसरी लाट होती, सिलिंडरसाठी लोक रात्र-रात्र धावत होते. त्या मे महिन्यात कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं इथेनॉलच्या प्रकल्पात फेरफार करून ऑक्सिजन तयार करायला घेतला. साखर कारखान्यानं केलेला देशातला असा पहिला प्रयोग म्हणून तो गाजला. त्यामागचं तत्त्व मुलांनाही समजावं असं आहे. इथेनॉलमधला शेवटचा पाण्याचा अंश काढायला झिओलाइटचे दाणे वापरतात. वेगळ्या जातीच्या झिओलाइटमधून दाबाखाली हवा सोडली, तर तो नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढं जाऊ देतो. दाब उतरवला की नायट्रोजन सोडून पुन्हा कामाला तयार. पण या दाण्यांना नायट्रोजनपेक्षाही प्यारं आहे पाणी. ओली हवा आली तर ते पाण्यालाच मिठी मारून बसतात, आणि ती मिठी नुसता दाब उतरवून सुटत नाही. म्हणून आधी पाणी काढायचं, मग ऑक्सिजनचं नाव घ्यायचं. दवाखान्यांत नंतर उभे राहिलेले बहुतेक प्रकल्प याच तत्त्वावरचे. त्यांतले अनेक देशात ठिकठिकाणी देखभालीअभावी, शिकलेला माणूस नसल्यामुळं बंद पडल्याच्या बातम्या पुढं वाचल्या. उद्घाटनाची फीत कापायला माणसं मिळतात, तोटी सोडायला मिळत नाहीत.

नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला गर्दी होते. ती नुसती शोभा नाही. बंधारा टिकावा म्हणून पाण्याला दिलेली ती वाट आहे. ज्यानं पाण्याला वाट ठेवली त्याचं बांधकाम चारशे वर्षं उभं राहिलं. बंधारा असो की टाकी, नियम तोच.

पुढं त्या मुलाच्या वडिलांची गाठ पडली. मी म्हणालो, “भाई, तुमच्यामुळं माझा धडा चांगला झाला.” ते संकोचले. म्हणाले, “सर, हम अनपढ़ लोगां. उस्तादने इतनाच सिखाया, पैले पानी, फिर धंदा.” या उस्तादाच्या चार शब्दांना आयटीआयच्या वर्गाची, गेज वाचण्याची आणि वहीची जोड मिळाली, तर त्यांचा मुलगा उद्या कुठल्याही दवाखान्यातला ऑक्सिजन प्रकल्प सांभाळेल. हुनर घरात आहेच. त्याची लाज वाटायला लावणारा शब्द बाहेरून आला आहे. तो शब्द थांबवणं एकट्या मास्तराच्या हातात नाही. पण त्या शब्दानं मुलाची मान खाली जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या माझ्या भावाबहिणींना म्हणूनच सांगावंसं वाटतं, आपल्या मुलांच्या घरच्या कामात विज्ञानाचे किती धडे आहेत ते आधी शोधा. टायरच्या दुकानात दाब आहे, बेकरीत उष्णता आहे, वेल्डिंगमध्ये वीज आहे. पुस्तकातले शब्द त्या कामाला जोडले की मूल स्वतःच्या बापाकडं नव्या नजरेनं बघायला लागतं.