मुलांची बुद्धिमापन चाचणी आणि तिची तयारी

बुद्धिमापन चाचणी मुळात निघाली ती मदतीसाठी. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळ्या शिकवणीची गरज आहे हे कळावे, म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली मोजपट्टी तयार केली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेले तिचे रूपांतर ‘बिने-कामत’ नावाने ओळखले जाते.

ही चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घेतात. प्रश्न वयानुसार रचलेले असतात आणि मुलाला एकही उत्तर येईना अशा टप्प्यापर्यंत ते चढत जातात. शेवटी अडणे ठरलेलेच. माझ्या मुलीला हे आधी सांगून ठेवले होते. त्यामुळे अडल्यावर ती रडवेली झाली नाही. बिने-कामत चाचणीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणले की बुद्ध्यंक मिळतो: आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा भरले, तर १२५. वेक्स्लर या मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्यांत मात्र तुलना समवयस्कांशी होते आणि सरासरी १०० धरतात.

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेतील ‘बुद्धिमत्ता चाचणी’ वेगळी. अंकमालिका, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा यांचा सराव तिथे जरूर करावा. मानसशास्त्रज्ञाकडच्या चाचणीचा मात्र सराव करून घेऊ नये. तिचे निकष प्रश्न पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलांवरून ठरलेले असतात. पाठ केलेल्या उत्तरांनी आकडा फुगतो आणि मुलाची खरी अडचण झाकली जाते. मदत हवी असलेल्या मुलाचे यात फार नुकसान होते.

खरी तयारी साधी असते. रात्री पुरेशी झोप, सकाळी पोटभर न्याहारी, चष्मा असल्यास तो सोबत. ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलावी. नजर आणि ऐकणे आधी तपासून घ्यावे. प्रगतिपुस्तके, वह्या आणि पूर्वीच्या चाचणीचा अहवाल बरोबर न्यावा. चाचणीची भाषा तर आवर्जून ठरवावी. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात असली तरी आमच्या विनंतीवरून चाचणी मराठीत झाली. वर्गात एका शब्दात उत्तर देऊन थांबणारी ती इथे शब्दांचे अर्थ उदाहरणे देऊन सांगत होती.

अहवाल हाती आल्यावर एकूण आकड्यापेक्षा शब्दज्ञान, स्मरण, आकृत्यांची जुळणी अशा भागांतला फरक विचारावा. शाळेत कोणती मदत मागायची, हे त्यावरून ठरते.