पाण्याचा दिवस

आमच्या बोदवडमध्ये लग्नाची तारीख काढताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. हॉल मोकळा आहे का, आणि त्या सुमारास नळ येणार आहे का. बाहेरच्या माणसाला ही थट्टा वाटेल, पण उन्हाळ्यात नळाला कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी पाणी येते. ज्या दिवशी येते तो आमच्या गल्लीत 'पाण्याचा दिवस'. त्या दिवशी दुसरे काहीच होत नाही. टाक्या, ड्रम, हंडे, कळशा, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची.

आमच्यातल्या एका आपा शाळेत शिकवतात. त्यांनी एकदा हजेरीपट चाळताना एक गोष्ट पाहिली. पाण्याच्या दिवशी मुलींच्या रकान्यात गैरहजेरीच्या खुणा भरलेल्या असतात. मुलांच्या रकान्यात नसतात. आपांनी ते आम्हाला सांगितले. आम्ही 'हो, असं होतं खरं' म्हणालो आणि विसरलो. ते पुन्हा आठवायला आम्हाला कच्छच्या रणापर्यंत जावे लागले. त्याचीच ही हकीकत.

सहलीची कल्पना मोहल्ल्यातल्या एका निवृत्त सरांची. मुलांना वॉटर पार्क हवा होता. सर म्हणाले, "जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं कुरआन पुन्हापुन्हा सांगतं. आपण फिरतो कुठे? लग्नाला, नाहीतर मय्यतीला." बोलणे खरे होते. वर्षभर दर घराने महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले. मुलींना पाठवण्याबाबत दोन-तीन घरांत कुरबुर झाली. मग त्यांच्या अम्मी आणि खालाही बरोबर येतील असे ठरले. अशा प्रकारे आठवी ते दहावीची मुले-मुली, काही आया, दोन शिक्षक आणि सर असे आम्ही २८ जण डिसेंबरच्या सुट्टीत भुसावळहून अहमदाबादच्या गाडीत बसलो.

नंदुरबार येईपर्यंत मुले जागीच होती. सरांनी तिथेच पहिला धडा घेतला. इथून जवळ, तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे गाव आहे. तिथे १९५४-५५ मध्ये उत्खनन झाले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळला तसेच. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला तर सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या लोकांच्या खुणा मिळाल्या, आणि १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. सर म्हणाले, "आपण ज्यांचं शहर बघायला निघालोय, त्यांची माणसं आपल्या बाजूलाही येऊन राहिली होती. तेव्हा परक्याच्या घरी चाललोय असं समजू नका."

अहमदाबादहून बसने पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी दोन्ही बाजूंना पांढरे मीठ दिसू लागले आणि मध्ये रस्ता. तो ओलांडला की खदिर बेट, आणि त्याच्यावर धोलावीरा. रात्री इतकी थंडी होती की फजरच्या वुजूला मुले कुरकुरली.

सकाळी शहर पाहिले. गावकरी या टेकाडाला कोटडा म्हणत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुरातत्त्व खात्याचे जगत्पती जोशी यांनी ते नोंदवले. पुढे १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली बरीच वर्षे उत्खनन चालले. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. उंचावर बालेकिल्ला, त्याखाली मधले नगर, त्याखाली खालचे नगर. सगळे दगडात बांधलेले. उत्तर दरवाजाजवळ दहा मोठ्या अक्षरांची पाटी सापडली. ती अक्षरे आजवर कुणाला वाचता आलेली नाहीत. आमच्या मुलांना याचे फार नवल वाटले. एवढे मोठे शहर, दारावर पाटी, आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते सांगायला माणूस उरला नाही.

पण आम्ही बोदवडकर थबकलो ते पाण्यापाशी. या बेटावर वर्षाला ३०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यात त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. शहराच्या दोन बाजूंना मनसर आणि मनहर असे दोन ओढे, तेही फक्त पावसाळ्यात वाहणारे. त्या लोकांनी ओढ्यांना बांध घातले, पाणी वळवले आणि तटबंदीच्या आत तलावांची रांगच खोदली. काही तलाव सरळ खडकात कोरलेले. पूर्वेकडचा एक तलाव सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे, आणि तळापर्यंत पायऱ्या. किल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीसुद्धा दगडी नाल्यांनी गोळा केलेले. आम्ही त्या नाल्यात वाकून उभे राहिलो. माणूस आत शिरेल एवढा तो उंच आहे.

सर हिशेब सांगत होते. या तजविजीवर हे शहर सुमारे पंधराशे वर्षे नांदले. पुढे हवामान कोरडे होत गेले, व्यापार आटला आणि शहर ओस पडले. कापसाच्या बाजारपेठेच्या गावातली आम्ही माणसे. पेठ कशी बसते ते आम्हाला वेगळे सांगावे लागत नाही.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी तलावाच्या पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "सर, इथून पाणी वर कोण नेत होतं?"

सर म्हणाले, "ते दगडांवरून कळत नाही, बेटा. दगड तलाव दाखवतात, हंडा कुणाच्या डोक्यावर होता ते दाखवत नाहीत."

ती पुढे काही बोलली नाही. पण तिची अम्मी आमच्यातच होती आणि तिचा चेहरा उतरलेला आम्ही पाहिला. हजेरीपटात सगळ्यांत जास्त खुणा याच मुलीच्या नावापुढे होत्या.

दुपारी रणातून जाणाऱ्या नव्या रस्त्याने आम्ही खावडाकडे निघालो. तिथून बन्नी. बन्नी म्हणजे अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठे गवताळ माळरान. तिथे मालधारी लोक राहतात. जत, मुतवा, हालेपोत्रा अशा त्यांच्या जमाती, बहुतेक सगळे मुसलमान. जनावरे हेच त्यांचे धन. त्यांच्या बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. या म्हशी रात्री एकट्या चरायला जातात आणि पहाटे दूध द्यायला आपणहून घरी येतात. लोकांची घरे म्हणजे भुंगे. गोल, मातीच्या भिंतींचे आणि वर गवताचे छप्पर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात सिमेंटच्या इमारती कोसळल्या, पण नीट बांधलेले भुंगे उभे राहिले.

बसच्या ड्रायव्हरचाचांच्या ओळखीने एका घरी आमची सोय झाली होती. सलाम-दुआ झाली, बायकांनी ताक दिले. घरातल्या म्हाताऱ्या चाचांनी मुलांना 'विरडा' समजावून सांगितला. पावसाळ्यात तळ्यात साचलेले गोडे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. तळे सुकले की त्याच्या तळात उथळ खड्डे खणायचे आणि कडांना लाकूड व गवत बांधायचे. त्यात गोडे पाणी झिरपते. जास्त खोल गेलात की खारे. एका खड्ड्याचे पाणी खारट लागू लागले की तो सोडून दुसरा उघडायचा. चाचा म्हणाले, "हाव केली की पाणी खारं होतं." आता त्यांच्याकडे पाइपलाइनही आली आहे, पण पाणी रोज येत नाही. हे ऐकून आमच्या बायका हसल्या. हे तर आपलेच गाव.

मग असरची वेळ झाली, आणि आमच्याकडून चूक झाली.

दाराशी पाण्याचा एक ड्रम होता. मुले दिवसभराची धूळ अंगावर घेऊन आली होती. त्यांनी घरच्यासारखा वुजू केला. मगामागून मग. कुणी हात-तोंड साबणाने धुतले, कुणी चपला धुतल्या. आम्ही मोठी माणसे गप्पांत होतो. नमाज झाली, आणि पाहतो तर घरातली सून दोन भांडी घेऊन बाहेर निघाली होती. नववीतल्या त्या मुलीने विचारले, "भाभी, कुठे चाललात?"

"पाणी आणायला. ड्रम रिकामा झाला ना."

टाकी बरीच लांब होती. अंधार पडायला आला होता. ती मुलगी काही न बोलता एक कळशी उचलून तिच्या मागे गेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. आमची मुले जागेवरच उभी राहिली. त्यांना वाईट वाटले नाही असे नाही. पण हंडा उचलणे आपले काम आहे, हे त्यांच्या डोक्यातच आले नाही. आणि खरे सांगायचे तर आमच्याही आले नाही.

आम्ही चाचांची माफी मागितली. ते म्हणाले, "मेहमानांच्या वुजूला पाणी गेलं, यात नुकसान कसलं?" ते रागावले असते तर बरे झाले असते. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आम्ही मुलांना लहानपणापासून ऐकवत आलो. रणात मात्र आम्ही दुसऱ्याचा ड्रम रिकामा केला.

रात्री शेकोटीजवळ सरांनी हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची गोष्ट सांगितली. ती सूरह कससमध्ये आहे. मूसा मिस्रमधून जीव वाचवून मदयनला पोहोचले. थकलेले, परके, उपाशी. विहिरीवर लोकांची गर्दी. दोन मुली आपली जनावरे मागे रोखून उभ्या. मूसांनी विचारले तेव्हा कळले की गुराखी निघून जाईपर्यंत त्यांना पाणी मिळत नाही आणि वडील म्हातारे आहेत. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, सावलीत जाऊन बसले आणि आपल्या रबकडे दुआ मागितली. सर एवढेच म्हणाले, "एक पैगंबर पाणी भरायला लाजला नाही."

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग त्या मुलीची अम्मी म्हणाली, "मुलांना कशाला बोलायचं? हंडा पोरीच्या हातात मीच देते. पोराला म्हणते, तू जा, तुझी शाळा बुडेल." दुसऱ्या दोघी-तिघींनी मान हलवली. हजरत आयशा रजि. यांनी सांगितले आहे की अल्लाहचे रसूल सल्ल. घरी असत तेव्हा घरच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत. ही हदीस आम्हाला सगळ्यांना पाठ होती.

दुसऱ्या दिवशी भुजजवळ अजरखपूर पाहिले. अजरखचे ठसे छापणारे खत्री कारागीर पूर्वी धमडका गावी होते. भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढले, रंग बिघडू लागले, म्हणून बऱ्याच जणांनी हे नवे गाव वसवले. कापड पुन्हापुन्हा धुवावे लागते, आणि पाणी बदलले की रंगही बदलतो. मुलांनी रुमाल घेतले. परतीच्या गाडीत कुणी वॉटर पार्कचे नाव काढले नाही.

बोदवडला आल्यावर काही मोठी क्रांती झाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. बारा घरांनी ठरवले की पाण्याच्या दिवशी भरणीचे काम घरातले मुलगे आणि पुरुष आधी करतील आणि मुली शाळेत जातील. पहिल्या वेळी नऊ घरांनी पाळले. दुसऱ्या वेळी सात. एका घरात भाऊ म्हणाला, मित्र हसतात. त्याला सरांनी मूसांची आठवण करून दिली. मग तोही नळावर आला, थोडा उशिरा का होईना. दोन घरांनी पावसाळ्याआधी छताचे पाणी पाइपने बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडले. मशिदीत वुजूचे पाणी आता गटारात न जाता लिंबाच्या झाडांना जाते. एवढेच.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. वार्षिक परीक्षेच्या आधीच्या महिन्यात नळ तीनदा आला. आपांनी हजेरीपट आणून दाखवला. त्या मुलीच्या नावापुढे एकही खूण नव्हती.

धोलावीराच्या पाटीवर काय लिहिले आहे ते आम्हाला कळले नाही. आमच्या हजेरीपटावर काय लिहिले होते ते मात्र आम्हाला कधीचे वाचता येत होते, वाचत नव्हतो. सूरह मुल्कची अखेरची आयत पाण्याबद्दलच आहे. तुमचे पाणी जमिनीत खोल गेले तर ते परत कोण आणून देईल, असा तिचा आशय. आम्ही ती रोज रात्री पढतो. वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्याही गावी पाण्याचा दिवस असेल. पुढच्या वेळी नळ आला की एकदा पाहा, घरातला हंडा कुणाच्या हातात आहे आणि शाळेचे दप्तर कुणाचे खुंटीला टांगलेले आहे. अल्लाह आपल्या सर्वांना पाण्याची अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.