आपण खात नाही, मग आपल्याला काय?



बर्ड फ्लूची बातमी आली की आपल्यात हमखास कुणीतरी म्हणतं, “आपण खात नाही, आपल्याला काय?” मला ते पटत नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातली पहिली साथ आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडली. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. २०२१ मध्ये पुन्हा नवापूरवर तीच वेळ आली. रोग पसरू नये म्हणून ठरलेल्या अंतरातल्या धडधाकट कोंबड्याही मारतात. त्यांना पांजरपोळात नेता येत नाही, कारण रोगही सोबत जाईल.

सूनबाईने विचारलं, “आई, कसं मारावं यावर बोलणं म्हणजे अनुमोदनाच ना?”

करणं, करवणं, अनुमोदणं, तिन्ही पापच. पण कोंबडी पंचेंद्रिय जीव आहे. भीती आणि वेदना तिलाही कळतात. मान पिरगळायची तर हात शिकलेला हवा, आणि शेकडो पक्ष्यांनंतर तो हात थकतो. म्हणून मोठ्या संख्येसाठी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. खड्ड्यात टाकण्यापूर्वी प्रत्येकीचा प्राण गेल्याची खात्री करायची असते. जिवंत पुरणं कधीच नाही. एवढं मागणं म्हणजे मारण्याला होकार नव्हे. मरण टळत नसेल तर वेदना तरी कमी व्हावी, ही दया आहे.

प्रतिक्रमणात आपण चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागतो. कोंबडी त्यातच आली. पुढच्या वेळी बातमी आली की नवकार म्हणा, आणि पशुसंवर्धन खात्याला विचाराही, “कसं मारताय?”