बिनसेलची मशीन

कन्हानला माझ्या दवाखान्याची पाटी लागली, तेव्हा ‘ऑडिओलॉजिस्ट’ हा शब्द वाचून पहिल्या आठवड्यात दोघं जण आले. एकाच्या हातात रेडिओ होता, दुसऱ्याच्या हातात टेपरेकॉर्डर. कान तपासायला आलेलं पहिलं माणूस म्हणजे आमच्या क्वार्टरच्या शेजारचे काका. त्यांना मीच हाताला धरून आणलं होतं.

काका ओपनकास्ट खाणीत ड्रिलवर होते. वीस-बावीस वर्षं त्या घरघरीशेजारी उभे राहिले. कानात काय, तर काकूनं दिलेला कापसाचा बोळा. आठ तासांच्या पाळीला 85 डेसिबलच्या वर आवाज नको, असं आमच्या शास्त्रात सांगतात. तीन डेसिबल वाढले की सोसायची वेळ निम्म्यावर येते. बोळ्यानं तिथं काय होणार? संध्याकाळी ते ओट्यावर बसून म्हणायचे, ‘कानात रातकिडे बसले बाप्पा.’ आम्ही पोरं हसायचो. कोळशाच्या मालगाडीची धडधड त्यांना ऐकू यायची, रामटेकची गाडी सुटलेली कळायची. सुनेनं विचारलेला चहा मात्र कळायचा नाही. मग सगळ्यांचं ठरलेलं वाक्य, ‘पाहिजे तेच ऐकतात.’ मी तेव्हा सहावी-सातवीत. मला एवढंच उमगलं होतं, की त्यांच्यासमोर उजेडात उभं राहून सावकाश बोललं की ते बरोबर उत्तर देतात. बँकेत, रेशनच्या दुकानात ते मला सोबत न्यायचे. या धंद्यातलं माझं पहिलं शिक्षण ते.

दुसरं शिक्षण मुंबईला, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. ही संस्था 1983 सालची. जायच्या वेळी फीला पैसे कमी पडले, ते काकांनी दिले. तो हिशेब मी नंतर पै न् पै मिटवला, म्हणून त्याचं इथं फार सांगत नाही. जो मिटत नाही तो वेगळा आहे.

2008 साली शिकून परत आले आणि त्यांची तपासणी केली. उजव्या कानाचे लाल गोळे, डाव्याच्या निळ्या फुल्या. आलेख आधी वर सपाट, मग पायरीपायरीनं उतरत 4000 हर्ट्झपाशी खोल खड्ड्यात, पुढे 8000 ला जरासा वर. काका कागद लांब धरून बघत राहिले. म्हणाले, ‘हे तं आमच्या खदानीवानीच दिसते वं पोरी.’

त्यांची तक्रार एकच होती. ‘आयकू येते, समजत नाही.’ ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी आवाजानं मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच सुरांच्या. त्या गेल्या की स, श, फ, ख हे बारीक वर्ण हरवतात आणि स्वर तेवढे उरतात. ‘सात’ म्हटलं काय नि ‘हात’ म्हटलं काय, अशा कानाला सारखंच.

मी त्यांना कानामागची मशीन बसवली. चांगली दणदणीत आवाजाची. किती आवाज वाढला की माणसाला सोसवत नाही, ते आधी मोजायचं असतं. ते मोजलं नाही. घरचाच माणूस, पुढं बघू, असं म्हटलं. परक्या पेशंटशी मी असं वागले नसते.

पुढचे चार महिने काका रोज संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायचे. मशीन कानावर. रिटायर झालेल्या सोबत्यांना धरून आणायचे. ‘पोरीनं मले कान देला,’ असं सांगायचे. माझी डायरी भरायला लागली ती त्यांच्या या बोलण्यानं.

दिवाळीला फराळाचं घेऊन गेले. नमस्कार करून उठताना त्यांच्या कानाशी टोपीचा दोरा अडकलेला दिसला, तो काढायला हात नेला. अशा दणदणीत मशीनजवळ तळहात नेला की ती शिट्टी मारते. ही गप्प. सेलचं झाकण उघडलं, तर आत काही नाही. कपाटातून काकूनं सेलचं पाकीट आणून दिलं. सहाच्या सहा सेल, नारिंगी पट्ट्यासकट, जसेच्या तसे.

‘तू दिसली का लावतेत, घरी आले का काढतेत,’ काकू म्हणाली. ‘वाटीवर चमचा वाजला तं डोकं धरून बसत होते.’

बिघडलेल्या कानाचं असंच असतं. हळू आवाज पोचत नाही, आणि मोठा एकदम भाल्यासारखा घुसतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

काका खाली बघत होते. ‘नवीन दुकान तुयं. मी काढून ठेवली म्हटलं असतं तं कोण आलं असतं?’

दुसऱ्या दिवशी काकूच्या स्वयंपाकघरातली वाटी आणि चमचा घेऊन आम्ही दवाखान्यात बसलो. मी आवाजाचा माथा खाली आणायची, काकू चमचा मारायची, काका मान हलवायचे. दोन तास गेले. मग पुढचे दोन महिने दर आठवड्याला थोडं थोडं. मशीन घरी लागायला लागली, सुनेचा चहा कळायला लागला. कामठीच्या एका लग्नात मात्र डीजेपुढं त्यांनी ती काढून खिशात टाकली आणि मला तसं स्पष्ट सांगितलं. गर्दीत मशीन थिटी पडते, हे खरंच आहे.

ते बाकावर बसून खोटं बोलत होते त्या चार महिन्यांत आलेल्या सगळ्या लोकांना मी परत बोलावलं. सात जणांच्या मशिनी डब्यात पडल्या होत्या.

काका आता नाहीत. मशीन देताना मी आजही आधी स्टीलच्या वाटीवर चमचा मारते. वाटी काकूचीच आहे. तिनं ती परत घेतली नाही.