दोन दोषांचा समतोल

जुनी मोटारसायकल पुन्हा चालती करणे आणि हस्तलिखितांवरून एखाद्या ग्रंथाचा पाठ सिद्ध करणे ही एकाच जातीची कामे आहेत, असे कोणी म्हटले तर अलंकारिक बोलणे म्हणून आपण ते सोडून देऊ. एरवी आम्हीही दिले असते. परंतु बर्लिनमधील एका भाड्याच्या गॅरेजात दोन हिवाळे जे उद्योग केले, त्यांमुळे या विधानाकडे थोड्या गांभीर्याने पाहणे आम्हांस भाग पडले. 'आम्ही' म्हणजे दोघे. एकीने पुण्यात मराठी साहित्य शिकताना पाठचिकित्सेच्या पुस्तकांवर डोळे ताणलेले, दुसऱ्याचे आयुष्य विजेची मंडले मोजण्यात गेलेले. मोटारसायकल दोघांचीही, तिच्याविषयीची मते मात्र, पुढे दिसेल त्याप्रमाणे, दोघांची दोन.

गाडी बीएमडब्ल्यूची के-१००, १९८६ सालची. १९२३ पासून या कंपनीची ओळख होती ती दोन्ही बाजूंना सिलिंडर बाहेर काढलेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनामुळे. १९८३ मध्ये तिने चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे ९८७ सीसीचे इंजिन चक्क कुशीवर आडवे करून चौकटीत बसवले. इंजिनाच्या त्या चौकोनी आकारामुळे लोकांनी गाडीला 'उडती वीट' असे नाव ठेवले. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की या विटेत कार्ब्युरेटर नव्हता. कावासाकीने १९८० साली आपल्या हजार सीसीच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन आणले होते. के-१०० वर बॉशची एलई-जेट्रॉनिक ही प्रणाली आली.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. कार्ब्युरेटर ही उघडी विद्या आहे. हवा वेगाने जाते, दाब कमी होतो, पेट्रोल ओढले जाते. बिघाड डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो, स्क्रू पाव फेरा फिरवला की कानाला उमगतो. आपल्याकडे गल्लोगल्ली जे मिस्त्री होऊन गेले, त्यांची कीर्ती याच कानावर उभी होती. इंजेक्शनमध्ये मात्र मध्ये एक वाचक येऊन बसतो. आत येणारी हवा एका झडपेला ढकलते, झडप किती उघडली हे विजेच्या दाबाने कळवले जाते, पाण्याचे तापमान दुसरा संवेदक सांगतो, इंजिनाचे फेरे तिसरीकडून समजतात. आसनाखालचा लहानसा संगणक या बातम्या वाचतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडे ठेवायचे ते ठरवतो. त्याला पेट्रोल दिसत नाही, इंजिनही दिसत नाही. त्याच्यापुढे असतो तो केवळ मजकूर. मजकूर भ्रष्ट असेल तर अत्यंत प्रामाणिकपणे तो चुकीचा अर्थ लावतो.

गाडीचे पहिले मालक निवर्तले होते. त्यांच्या कन्येने ती आम्हांस दिली तेव्हा अकरा वर्षे ती हललेली नव्हती. जवळच्या एका कारखान्यात विचारले असता, सुटे भाग करून विका, असा सल्ला मिळाला. टाकी ॲल्युमिनियमची असल्याने गंजली नव्हती. आत मात्र पेट्रोलचे वार्निश झाले होते. या गाडीचा पेट्रोल-पंप टाकीच्या आतच, रबराच्या एका गादीत बसतो. त्या गादीचा काळा चिकट डांबरासारखा लगदा होऊन गाळणीत आणि नळ्यांत उतरला होता. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. १९८६ च्या रबराला पुढे काय प्यावे लागणार हे कोणास ठाऊक होते? जर्मनीत दहा टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०११ मध्ये पंपांवर आले. भारतात २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, मऊ करते आणि हवेतील ओलही शोषून घेते. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना हा धडा इकडे आणि तिकडे सारखाच गिरवावा लागतो.

पंप, गाळणी आणि नळ्या बदलल्या. नळ्या अर्थातच इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या. चारही इंजेक्टर ध्वनिलहरींच्या टाकीत धुऊन घेतले. पेट्रोलचा दाब मोजला, तो अडीच बार भरला. थ्रॉटलच्या स्क्रूंवर कारखान्याने लावलेला निळा रंग अभंग होता, म्हणजे तेथे कोणी हात घातला नव्हता. आम्हीही घातला नाही. मग एका फेब्रुवारीच्या सकाळी इंजिन सुरू झाले. थंडीत ते उत्तम चालले. पंधरा मिनिटांनी, तापल्यावर, ते जड झाले, काळा धूर ओकू लागले आणि बंद पडले. गरम असेपर्यंत ते पुन्हा सुरू होईना. प्लग काढले तर काजळीने माखलेले.

थंडीत बरे आणि उन्हात आजारी, हे लक्षण बोलके होते. तापमान सांगणाऱ्या संवेदकाचा रोध थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी असतो: वीस अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम, ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, म्हणून रोध जास्त दिसला की संगणक मुक्तहस्ताने पेट्रोल देतो. आम्ही संवेदक काढून पाण्याच्या पातेल्यात तापवला. आकडे चोख आले. नवा संवेदक मागवण्याची ऊर्मी येथे साहजिक होती, पण साक्षीदार खरे बोलत होता. तेव्हा आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो आणि तापलेल्या इंजिनावर, संगणकाच्या प्लगपाशी तेच मोजमाप घेतले. तेथे तीनशेच्या ऐवजी दोन हजारांहून अधिक ओहम दिसले. बोलणारा खरा, ऐकणारा खरा. निरोप वाटेत बिघडत होता.

ती वाट टाकीखालून जाते. तेथे वायरिंगच्या जुडग्यात कोणीतरी कधीकाळी एक तार तोडून, पिळून जोडलेली आणि वर टेप गुंडाळलेली सापडली. आतले तांबे हिरवे पडले होते. तो हिरवेपणाच आपले सतराशे ओहम निरोपात मिसळत होता. थंडीत अडीच हजारांत ही भर पडून इंजिन थोडे अधिक थंड भासे, त्याने बिघडत काही नसे. पण तापल्यावर तीच भर उकळत्या इंजिनाला नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दाखवी. लिपिकाने भर घातलेले अक्षर एका ठिकाणी खपून जाते आणि दुसऱ्या ठिकाणी अर्थाचा अनर्थ करते, तसाच हा प्रकार.

जोड कापला, नवी तार डाखली, दोन्ही टोकांची मोजमापे जुळली. इंजिन सुरू केले, आणि ते पूर्वीपेक्षा वाईट चालू लागले. काळा धूर गेला, पण थ्रॉटल उघडताच ते अडखळे आणि आत घेतलेला श्वास खोकून परत टाकी. पूर्वी अतिभोजनाने आजारी होते, आता उपासमारीने.

या ठिकाणी मन खचते. शुद्ध केल्यावर पाठ बिघडला, तर शुद्ध केले ते शुद्ध होते कशावरून? आमच्यापैकी विजेचा जाणकार म्हणाला, की जोड पूर्ववत करून पाहू. पाठचिकित्सेचा अनुभव असलेलीने त्याला अडवले, आणि तिचे कारण साधे होते. मोजलेली गोष्ट खोटी ठरत नाही. सिद्ध झालेली दुरुस्ती केल्यावर अर्थ बिघडत असेल, तर दुसरीकडे कोणीतरी त्या चुकीला धरून पाठ बदललेला असला पाहिजे. चुकीची ओळ समोर आली की पुढचा लिपिक तिचे मूळ शोधत बसत नाही. तिच्याशी जुळेल अशी शेजारची ओळ वाकवतो. मग दोन्ही चुका एकमेकींना सावरून धरतात आणि वाचणाऱ्याला सगळे ठीक वाटते. एक चूक काढली की दुसरी उघडी पडते.

तर मग दुसरी कोठे? हवेच्या मार्गातील झडपेवर एक काळे टोपण असते. ते कारखान्यात चिकटवलेले असते आणि उघडायचे नसते. आमच्या टोपणाच्या कडेला लावलेले सिलिकॉन मात्र हाताने लावल्यासारखे, ओबडधोबड होते. आत एक दातेरी चक्र असते, त्याने झडपेची स्प्रिंग ताणली जाते. स्प्रिंग जितकी ताठ तितकी झडप कमी उघडते, आणि संगणकाला हवा कमी आल्यासारखी वाटून तो पेट्रोल आवरते घेतो. चक्र पाच दात पुढे सरकवलेले होते. आणि हे आम्हांस कसे कळले? चक्रावर मूळच्या जागी एक बारीक चरा ओढलेला होता, आणि टोपणाच्या आतल्या अंगाला शाईने लिहिले होते: १९९८, पाच दात.

त्या लेखनाकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. ज्यांना कधी भेटलो नाही, त्या गृहस्थांशी झालेले हे आमचे एकमेव संभाषण. १९९८ साली त्यांची गाडी तापल्यावर जास्त पेट्रोल पिऊ लागली असणार. तारेतला दोष त्यांना सापडला नाही. कदाचित तो जोड त्यांचा नसेलही. त्यांनी आपल्या परीने स्प्रिंग ताणून मेळ साधला आणि पुढे ती गाडी चालवली. अकरा वर्षे उभी राहिल्यावर हिरवेपणा वाढला आणि त्यांचा मेळ अपुरा पडला. चक्र पाच दात मागे, चऱ्यावर आणताच इंजिन सुधारले. प्लगांचा रंग फिकट बदामी झाला.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद शेवटी नोंदवली. आपल्या परंपरेतील पाठशुद्धीच्या या थोर कार्याविषयी नितांत आदर बाळगूनही अभ्यासकाला एक हळहळ वाटते: त्यांच्यासमोर असलेले आणि त्यांनी वगळलेले पाठ कोणते होते? भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखठणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व १९३३ साली पूर्ण केले, तेव्हा स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेल्या पाठांची रांग छापली. वाचकाला त्यांचा निर्णय उलटवण्याची सोय त्यांनी त्याच पानावर करून ठेवली. आमच्या गाडीच्या त्या मालकाने कोणतीच चिकित्सक आवृत्ती पाहिली नसेल. त्यांचे निदान अपुरे होते, पण संपादकाची सचोटी पुरी होती. तो चरा नसता तर आम्ही आणखी एक हिवाळा चाचपडत बसलो असतो.

यानंतर आमच्यात मतभेद झाला तो तत्त्वाचा. एकीचे म्हणणे, गाडीत कारखान्याबाहेरचे जे जे काही आहे ते प्रक्षेप मानून काढावे. मालकाने लावलेला दिवा, हँडलजवळचे हाताने कापलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, सगळे. दुसऱ्याचे म्हणणे, चालते ते राहू द्यावे. वाद मिटला तो एका प्रश्नाने. मूळ म्हणजे कोणते मूळ? १९८६ ची गाडी १९८६ चे पेट्रोल पीत होती. तिच्या मूळच्या नळ्या आज लावल्या तर त्या फाटतील आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडेल. ग्रंथाचा मूळ पाठ सिद्ध करताना वाचकाला इजा होत नाही, येथे होते. तेव्हा आम्ही असे ठरवले: जे निरोप बिघडवते ते काढायचे, जे आजच्या वापराला आवश्यक ते बदलायचे, आणि जे केवळ कोणाच्या तरी राबत्या हातांची खूण आहे ते जपायचे. दिवा आणि पत्रे राहिले. हिरवा पडलेला जोड एका पाकिटात घालून ठेवला आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर गेला. कानाने निदान करणाऱ्या मिस्त्रींची विद्या संपली, असे हळहळून बोलले जाते. आमचा अनुभव थोडा वेगळा आहे. कानाची जागा मल्टिमीटरने घेतली, पण शंका कोणावर घ्यावी आणि केव्हा घेऊ नये हा विवेक कोणत्याच यंत्रात मिळत नाही. तो जुन्या मिस्त्रींकडे होता, आणि चांगल्या संपादकाकडेही असतो.

टोपण पुन्हा चिकटवण्यापूर्वी आम्ही त्या ओळीखाली आमची ओळ लिहिली: साल, शून्य दात, तारेतील जोड बदलला. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला मराठी येण्याची शक्यता कमी, म्हणून ओळ जर्मनमध्ये आहे. वरची ओळ पुसली नाही. ती चुकीच्या निदानाची नोंद आहे हे खरे; पण तिच्यावाचून आमची ओळ कोणाला कळणार नाही.