देशी गाडीची समीक्षा

कल्याण-शीळ रस्त्याने मानपाडा ओलांडून शीळफाट्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर प्रीमियर कॉलनी नावाचा भाग लागतो. (हा मानपाडा डोंबिवलीचा, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे तो वेगळा.) आता तेथे उंच गृहसंकुले उभी आहेत आणि नव्याने राहायला आलेल्या पुष्कळांना हे नाव एखाद्या बिल्डरच्या कल्पनेतून निघाले असावे असे वाटते. वस्तुतः वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचे ते नाव आहे. कंपनीचा मुख्य कारखाना कुर्ल्याला. इकडच्या कारखान्यात १९९०च्या दशकाच्या मध्यास प्यूजो ३०९ ही फ्रेंच मोटार जोडली जात असे. १९९७ साली प्यूजो या भागीदारीतून बाहेर पडली आणि भारतातून निघून गेली. मोटारींशी या परिसराचे नाते असे जुने आहे, आणि म्हणूनच की काय, मोटारींविषयीची एक तक्रारही येथे जुनी आहे. वर्तमानपत्रे आणि मोटारींची मासिके देशी गाड्यांना झोडपतात आणि परदेशी गाड्यांचे लाड करतात, ही ती तक्रार. गेली वीस-पंचवीस वर्षे मी ती रिक्षाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत आणि गॅरेजच्या बाकड्यावर ऐकत आले आहे.

मी साहित्य शिकवते. इंजिनातले मला फारसे कळत नाही. परंतु परीक्षण हा लेखनप्रकार मला परिचयाचा आहे, आणि ही तक्रार अखेर एका लेखनप्रकाराविषयीची आहे. म्हणून काही वर्षांपूर्वी समीक्षेच्या तासाला मी विद्यार्थ्यांना एक काम दिले. घरच्या रद्दीतून मोटारींची परीक्षणे कापून आणायची, त्यांतली विशेषणे आणि वाक्यांचे घाट वेगळे काढायचे आणि गाडीचे नाव झाकून ती वर्गात वाचायची. नाव झाकलेले असतानाही गाडी देशी की परदेशी हे मुले बहुतेक वेळा ओळखत. आश्चर्य असे की, देशी गाडीला उघड शिवी कोणीच दिलेली नव्हती. उलट कौतुक पुष्कळ होते. मग ओळख पटत होती ती कशावरून?

ओळख पटत होती ती दोष कोठे ठेवला आहे यावरून. मासला असा (वाक्ये माझी, घाट त्यांचा): परदेशी गाडीबद्दल, ‘स्टिअरिंग जड आहे, पण त्यामुळे रस्ता हाताला जाणवतो.’ देशी गाडीबद्दल, ‘स्टिअरिंग जड आहे, आपल्या उत्पादकांना अजून बरीच मजल मारायची आहे.’ पहिल्या वाक्यातला दोष त्या गाडीचा आहे आणि पुढच्याच अर्ध्या वाक्यात त्याचा स्वभावविशेष झाला आहे. दुसऱ्या वाक्यातला दोष त्या गाडीपाशी थांबतच नाही. तो कंपनीचा, मग उद्योगाचा आणि शेवटी देशाचा होतो. एका गाडीला व्यक्तिमत्त्व मिळते, दुसरीला फक्त प्रातिनिधिकत्व. कौतुकाचीही तीच गत. देशी गाडीच्या स्तुतीत एक शब्द हमखास सापडे: ‘मानाने’. किमतीच्या मानाने बरी, आपल्याकडच्या मानाने नेटकी, पहिल्या प्रयत्नाच्या मानाने स्तुत्य. सवलत देणारे हे व्याकरण आहे. सवलत मिळालेल्याचा हिशेब निराळ्या वहीत होतो, आणि वही निराळी झाली की तुलनेचा हक्क संपतो.

या शब्दापाशी वर्गात थोडी शांतता पसरली, कारण तो मुलांच्या ओळखीचा होता. ‘मराठीच्या मानाने चांगली कादंबरी’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? आपले समीक्षक युरोपीय कादंबरीतली संथ पाने ‘चिंतनशील’ ठरवतात आणि मराठी कादंबरीतली संथ पाने ‘पाल्हाळ’. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादावर कितीही मतभेद असोत, परक्या मापाने मोजण्याच्या सवयीवर त्याने ठेवलेले बोट चुकीच्या जागी नव्हते. मोटारींच्या परीक्षणात हीच सवय अधिक निरागसपणे, म्हणून अधिक स्पष्ट दिसते.

परंतु तक्रारीतला ‘देशी’ हा शब्दही तितकाच तपासून घ्यायला हवा. प्रीमियर पद्मिनीचेच पाहा. ती मूळची इटलीची फियाट ११००. सत्तरच्या दशकात फियाटचे नाव जाऊन तिला आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी असे नाव मिळाले. सुटे भाग इथले, कामगार इथले, नाव तर थेट आपल्या इतिहासातले. तरीही मुंबईने तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हटले. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हाही जुन्या प्रवाशांच्या तोंडी ‘फियाट गेली’ हेच होते. त्याआधीच्या अकराशे फियाटला मात्र लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे अस्सल मराठी नाव प्रेमाने दिले होते. म्हणजे भाषेला देशी नाव वर्ज्य नव्हते. कारखान्याने दिलेले देशी नाव तिने स्वीकारले नाही, इतकेच. मारुती हे नाव आपण आपलेसे केले खरे, पण १९८३ साली ती रस्त्यावर आल्यापासून तिची खात्री पटवताना जो तो ‘जपानी इंजिन’ असेच सांगत आला. आणि २००९ साली प्रीमियरने बाजारात आणलेली रिओ ही गाडी मुळात एका चिनी कंपनीच्या गाडीवर बेतलेली होती. देशी नावामागे काय असेल आणि परदेशी नावामागे कोणाचे हात असतील, याचा नियम नाही.

हातांचा उल्लेख मी जाणूनबुजून केला. आमच्या इमारतीत एक काका राहत. त्यांनी प्यूजोच्या जोडणीवर काम केले होते. ते एकदा म्हणाले, “मॅडम, आमच्या हातून गेली ती फ्रेंच गाडी. कुर्ल्याच्या पोरांच्या हातून गेली ती देशी गाडी. आमचे बोल्ट काय पॅरिसहून आवळून येत होते का?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थट्टाच होती. पण गाडीच्या दारांचा आवाज किती घट्ट, बांधणी किती नेटकी, असे लोक म्हणत, तेव्हा ते श्रेय फ्रान्सला जात होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आपल्या कामाची स्तुती ऐकू यावी आणि ती दुसऱ्याच्या नावाने व्हावी, या अनुभवाला मराठीत शब्द नाही.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा संयुक्त कारखाना १९८४ ते २०१० या काळात चालला. तेथे एकाच छपराखाली, त्याच कामगारांच्या हातून टोयोटाची कोरोला आणि तिचीच जुळी बहीण, प्रिझ्म या नावाची अमेरिकी गाडी तयार होत असे. गाड्या जवळपास एकच. फरक मुख्यतः नाव आणि नाममुद्रेचा. तरीही ग्राहक कोरोलाकडे अधिक वळले आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रिझ्मला कमी किंमत येत राहिली. अमेरिकेत देशी गाडीच्या कैवाऱ्यांनी माध्यमांवर पक्षपाताचा आरोप वर्षानुवर्षे केला. त्या आरोपात तथ्य किती हा वाद बाजूला ठेवला, तरी नाव वाचून मग वस्तू वाचली जाते, एवढे या जुळ्या बहिणींनी दाखवून दिले.

येथे तक्रारदारांना न आवडणारी गोष्टही सांगितली पाहिजे. देशी गाड्यांविषयीचा अविश्वास आकाशातून पडलेला नव्हता. परवान्यांच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. साठच्या दशकारंभीच्या बांधणीची पद्मिनी किरकोळ फेरफारांनिशी थेट शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत होती. ज्या वस्तूसाठी रांग आहे तिला परीक्षणाची गरज नसते आणि परीक्षणाअभावी ती सुधारतही नाही. त्या काळात मोटारीची जाहिरात होती, जिव्हाळा होता, विनोद होते. समीक्षा जवळजवळ नव्हती. ती आली तेव्हा माप घेऊनच आली. ओव्हरड्राइव्ह १९९८ साली आणि ऑटोकार इंडिया १९९९ साली सुरू झाले. त्यांतल्या दुसऱ्याचे नावच १८९५ सालच्या ब्रिटिश नियतकालिकाचे. आणि नेमक्या याच सुमारास, १९९८च्या डिसेंबरअखेर, पुण्याजवळ तयार झालेली टाटांची इंडिका बाजारात आली. देशात आराखडा मांडून उभी केलेली ही गाडी आणि तिला वाचणारी नवी समीक्षा यांचा जन्म एकाच वेळचा. गाडीच्या नोंदणीसाठी पहिल्या आठवड्यातच लाखाहून अधिक लोक पूर्ण पैसे घेऊन पुढे आले. लवकरच तक्रारीही आल्या, आणि त्या खऱ्या होत्या. कंपनीने त्या ऐकून २००१ साली सुधारित आवृत्ती काढली. म्हणजे कठोर परीक्षणाने देशी गाडीचे नुकसान केले असे सरसकट म्हणता येणार नाही. तिला बळ देण्यातही त्याचा वाटा होता.

हीच इंडिका २००३ साली सिटीरोव्हर हे नाव घेऊन इंग्लंडात गेली आणि तेथील परीक्षकांनी तिची धूळधाण केली. एम. जी. रोव्हर कंपनी गाडी चाचणीसाठी द्यायला तयार नव्हती, तेव्हा टॉप गिअर या कार्यक्रमाच्या जेम्स मे यांनी ग्राहक बनून, छुपा कॅमेरा लावून ती चालवून पाहिली. आपल्याकडे अनेकांनी याला पक्षपात म्हटले. पण तेथील आक्षेपांत एक मोठा आक्षेप किमतीचा होता: साडेसहा हजार पौंडांत ग्राहकाला काय मिळते, हा. तो भारतावरचा आक्षेप नव्हता. ती किंमत लावणाऱ्या ब्रिटिश कंपनीवरचा होता. प्रत्येक प्रतिकूल वाक्याला अपमान मानले की मग त्यातला योग्य आक्षेपही हातातून निसटतो.

पैशाच्या लोभाने माध्यमे परदेशी कंपन्यांना विकली गेली आहेत, हे स्पष्टीकरणही मला अपुरे वाटते. जाहिराती देणाऱ्यांत टाटा, महिंद्र आणि बजाज हे काही लहान नाहीत. पक्षपात असेल तर तो विकत घेतलेला नाही, अंगवळणी पडलेला आहे. त्याचा पुरावा मालमोटारींपाशी मिळतो. कल्याण-शीळ रस्त्यावरून रात्रभर जाणाऱ्या मालमोटारींची परीक्षणे आपल्या वर्तमानपत्रांत येत नाहीत. टाटांच्या मालमोटारी १९५४ पासून जर्मन कंपनीच्या सहकार्याने तयार होत; १९६९ साली ते सहकार्य संपले, तरी चालकांनी त्या सोडल्या नाहीत. कारण विचाराल तर उत्तर साधे मिळते: कोठल्याही गावात मेकॅनिक भेटतो, सुटा भाग मिळतो, ओझे ओढते. या वाक्यात ‘मानाने’ नाही. ज्याचे पोट वस्तूवर चालते तो तिला वाचतो. ज्याची प्रतिष्ठा तिच्यावर चालते तो तिचे नाव वाचतो.

अलीकडे काटा उलट बाजूला झुकला आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची धडक-चाचणी जाहीर केली. नॅनो, अल्टो, आय-टेन, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना, सर्वांनाच, शून्य तारे मिळाले. आमच्याकडच्या गप्पांत मात्र ‘पत्र्याचा डबा’ ही उपमा नॅनोलाच चिकटली. उरलेल्या चौघींचे शून्य कोणाला आठवत नव्हते. पुढे २०१८च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनला त्याच संस्थेचे पाच तारे मिळाले आणि भाषा रातोरात बदलली. आता देशी गाडी म्हणजे पोलाद, परदेशी म्हणजे कागद. देशी गाडीच्या सदोष गिअरबद्दल कोणी लिहिले तर तो देशद्रोही. हे मला जुन्या पक्षपातावरचा उतारा वाटत नाही. जुनी भाषा देशी गाडीला देशाचे लांच्छन करत होती, नवी तिला देशाचा झेंडा करते. गाडी म्हणून तिच्याकडे दोघीही पाहत नाहीत.

मराठी माणसाला या कोंडीतून निघण्याचा एक जुना मार्ग ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष लागते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. किर्लोस्करांनी शेतकऱ्याला करंटा म्हटले नाही, नांगर सुधारला. पुढे १९२० साली त्यांच्या कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि त्यातूनच मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. मात्र कारखानदाराने काढलेले नियतकालिक समाज घडवू शकले, तरी ते स्वतःच्या नांगराचे परीक्षण करू शकत नाही. ते काम दुसऱ्या कोणीतरी, नांगराचा आणि जमिनीचा दोहोंचा अभ्यास करून करायचे असते.

देशी गाडीला हवी आहे ती अशी समीक्षा. तिचा दोष तिचाच असावा, गुणही तिचाच असावा, आणि तो ज्या हातांतून आला त्यांचा उल्लेख व्हावा, मग ते हात पिंपरीचे असोत, कुर्ल्याचे असोत की मानपाड्याचे. माझ्या वर्गापुरता मी एक नियम केला आहे. परीक्षण गाडीचे असो वा कवितासंग्रहाचे, ‘मानाने’ हा शब्द आला की मुलांनी तेथे थांबायचे, तो खोडायचा आणि वाक्य पुन्हा लिहायचे. वाक्य पुष्कळदा आधीपेक्षा कठोर होते. काही वेळा, लिहिणाऱ्यालाच चकित करीत, अधिक उदार होते. दोन्ही वेळा ते त्या वस्तूविषयीचे असते.