तात

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मी चौथीत होतो. दिवाळी झाली, कापूस घरात आला की गावात पिंजारीचाचा यायचे. खांद्यावर माणसाएवढं पिंजण, हातात तात ठोकायचा लाकडी दस्ता. मुक्काम आमच्याच ओसरीत. पिंजण आढ्याला दोरीनं टांगलं की दिवसभर धुंई-तक, धुंई-तक. मला त्या आवाजाचं येडच लागलेलं.

एकदा चाचा पावण्याकडं शेजारच्या गावी गेले अन् रात्री तिथंच राहिले. मी पिंजण सोडून अंगणात नेलं, मन भरेस्तोवर छेडलं अन् तसंच भिंतीला टेकवून झोपलो. सकाळी बघतो तर नुसतं लाकूड. तात म्हणजे बकऱ्याचं आतडं. कुत्र्यांनी गाठीसकट खाल्लेलं! मी गुपचूप लाकूड परत टांगून ठेवलं.

चाचा आले. लाकडावरचे दात त्यांनी बोटानं चाचपले. आबांनी विचारलं तर म्हणाले, "उंदरानं कुरतडली असंल, आबा." मी खांबाआड. थंडीचे दोन महिनेच त्यांच्या कमाईचे, त्यात एका लग्नाच्या गाद्या अडलेल्या, अन् घरी पाच लेकरं. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी तोंड उघडलं नाही.

चाचांनी खाटकाकडून आतडं आणलं. धू-धू धुतलं. रात्रभर राखेच्या पाण्यात भिजवलं. मग बांबूच्या कांबीनं खरवडायला बसले, हळूहळू, कारण कांब जरा जोरात लागली की भोक पडतं अन् सगळी मेहनत पाण्यात. वास असा की आई ओसरीत येईना. मी मात्र हललो नाही. कुणी बस म्हणलं नव्हतं. आतलं सगळं निघून पातळ पांढरी फीत राहिली. तसल्या कितीतरी फिती एकत्र धरून एक टोक माझ्या हातात दिलं. "पकड बेटा, सोडू नको." ते पीळ घालत गेले, माझी बोटं काचली, तरी धरून होतो. मग लिंबाच्या सावलीत दोन खुंट्यांना ताणून बांधली. उन्हात वाळवली तर तडकते म्हणायचे. वाळताना सैल पडायची, की पुन्हा पीळ. चाचा कापडानं घासून घासून एकसारखी करायचे. असे चार दिवस गेले. रात्री ती ओसरीत घ्यायचे काम मी आपणहून धरलं होतं.

पाचव्या दिवशी तात चढवली. पहिला ठोका दिला, आवाज जरा जाड आला. चाचांनी कान लावला, अजून ताणली, पुन्हा ठोका दिला. मग हसले.

वीतभर तुकडा उरला होता. तो माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "तुला घे. पण रात्री घरात ठेव हां."